माणिकप्पाच्या नावाचं कांबळं

मॅडम अकराला यायच्या होत्या, आणि साडेनऊला बाणूबाईनं ट्रंकेतलं कांबळं मागितलं.

मागितलं म्हणजे काय, चहाची बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि थोरल्या सुनेला म्हणाली, "रेणू, मामंजीचं कांबळं काढ. दोन झटके दे उन्हात. इथं शेडात टाकायचंय."

मागांच्या शेडात त्या घडीला घरातली सहाच्या सहा माणसं होती. खुर्चीत बिराप्पा, बाणूबाईचा नवरा, सत्तरीचा, अजून मागावर बसणारा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून थोरला भीमाशंकर. दारात गाडीची किल्ली बोटावर फिरवत धाकटा अनिलकुमार, बीदरचा कापड व्यापारी, पायात चकचकीत बूट. त्याच्यामागं त्याची बायको मंगल. आणि हातात चहाची किटली घेऊन रेणू, जी संस्थेची सेक्रेटरी होती आणि जिच्या सहीमुळं हा सगळा दिवस उगवला होता. बाणूबाईचं बोलणं ऐकून सगळे असे गप झाले, की बाहेर राजेश्वरच्या बसचा हॉर्न आत वाजल्यासारखा वाटला.

एका कांबळ्यापायी एवढं गप कशाला व्हायचं, असं कुणी विचारील. धनगराच्या घरातला नसेल तो विचारील. आमच्याकडं जमिनीवर कांबळं अंथरलं आणि त्यावर चिमूटभर भंडारा टाकला, की ती देवाची गादी झाली. सोयरीक तिच्यावर, वाटणी तिच्यावर, भांडण तिच्यावर. बाजारात चार वर्षांची मेंढी दोन वर्षांची म्हणून खपवणारा गडीसुद्धा कांबळ्यावर बसला की खोटं बोलत नाही. बिराप्पाचा बाप माणिकप्पा तर याच कांबळ्यावर बसून सख्ख्या भावाविरुद्ध बोलला होता. औरादकडच्या कळपातली सात मेंढरं कुणी वळवली, ते पंचांनी विचारलं, आणि माणिकप्पानं भावाकडं बघत सांगितलं, "ह्यानं." भाऊ अकरा वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मरताना मात्र त्यानं याच कांबळ्यावर टेकायचा हट्ट धरला. गावात अजून ही गोष्ट सांगतात, आणि संस्था काढली तेव्हा तिला नाव दुसरं कुणाचं देणार? माणिकप्पा महिला लोकर संस्था.

"अव्वा, खुर्च्या आणल्यात की मी," अनिलकुमार म्हणाला. "दहा खुर्च्या. मॅडम ऑफिसातल्या बाई हायत, त्या खाली कशाला बसतील?"

"संस्थेत आलेला पाहुणा आजवर कांबळ्यावरच बसलाय. कलेक्टर बी बसला होता."

"तवा गोष्ट येगळी होती."

"कामून येगळी?" बाणूबाईनं विचारलं.

गोष्ट वेगळी होती हे सगळ्यांना पाठ होतं. विणकर संस्थांना परदेशी लोकरीच्या सुताचा कोटा मिळत होता. जकात अगदी नावाला. अट एकच, सूत आपल्याच मागावर विणायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. गिरणीवाल्यांचा कोटा वेगळा आणि तो चटकन संपतो. उत्तरेकडच्या एका गिरणीवाल्याचा असाच संपला, त्याला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं, आणि अनिलकुमारनं आज्याचं नाव नेऊन दिलं. संस्थेच्या नावावर सूत बंदरात उतरलं आणि तिथूनच गिरणीकडं गेलं. इकडं गावात, राजेश्वरला, आली ती गिरणीत तयार झालेली काळी, मऊ कांबळी. संस्थेच्या बावीस बायका पूर्वी सूत कातायच्या, त्या आता घरी बसून त्या कांबळ्यांच्या कोपऱ्याला 'माणिकप्पा' नावाची पट्टी शिवायच्या. माल गाणगापूरला जायचा, लॉजखालच्या दुकानांत, दत्ताच्या दर्शनाला आलेल्या भाविकांसाठी. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. शेवटी सोलापूरकडच्या कुणा भाविकानं कांबळं धुतलं, त्याचे गोळे गोळे झाले, आणि त्यानं चिडून वरपर्यंत अर्ज केला की देवाच्या दारात फसवणूक चाललीय. आठ दिवसांपूर्वी नोटीस आली, की कोट्याच्या ऑफिसातल्या मॅडम चौकशीला येणार. तेव्हा कुठं बाणूबाईला कळलं, की माल नुसता बाहेरून येत नव्हता, तिच्या संस्थेचा कोटा चोरीला जात होता.

आणि रेणू? रेणूला आधीच माहीत होतं. 'सूत मिळाले व आमच्याच मागावर विणले' या कागदावर सही तिची होती. न वाचता केली असती तर रडून सुटली असती. पण बाई बी.ए. झालेली, कागद दोनदा वाचून सही केली होती. दीर म्हणाला, 'वैनी, सगळ्या संस्था असंच करतेत,' आणि त्याच पैशातून शेडावर नवे पत्रे चढायचे होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं आठ दिवस तिला झोप नव्हती.

"मी आधीच म्हणलो होतो," भीमाशंकर खड्ड्यातून म्हणाला. "धंदा ह्याचा, आन गुंतायली माझी बायको. काढ रेणू कांबळं. बोल म्हणावं ह्याला, आज्याच्या कांबळ्यावर बसून बोल."

"अण्णा, केस झाली तर एकट्या माझ्यावर व्हणार हाय का?" अनिलकुमारनं किल्ली फिरवायची थांबवली. "कागदावर सही वैनीची. अध्यक्षा अव्वा. माझं नाव कुठंच न्हाई, हे तरी ध्यानात घे."

भीमाशंकरनं बायकोकडं पाहिलं. मग मागाकडं पाहिलं. एवढा तावातावानं बोलणारा गडी, पण ओल्या भेंडोळ्यासारखा बसला. "मग खुर्च्याच टाका," तो म्हणाला.

"अरे वा!" मंगल मागून म्हणाली. "भावजी, एका मिनिटात दोन पार्ट्या केल्या तुमी."

"तू गप," अनिलकुमार म्हणाला.

"गपच हाय की आठ दिवस. बोलून कुणाचं काय ऐकायलाव तुमी?"

बिराप्पानं खाकरून सगळ्यांना थांबवलं. त्याच्या मते ठरलं होतं ते ठरलं होतं. सूत आलं, विणलं, गाणगापूरला विकलं, एवढंच सांगायचं. एक खोकं परदेशी सूत अनिलनं परवा आणलं होतं, त्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, बिराप्पानं स्वतः मागावर चढवला होता, बघणाराला दिसावा म्हणून. "बोलायचं बाणूनं," तो म्हणाला. "ती अध्यक्षा हाय. बाणू, ध्यानात हाय न्हवं, काय बोलायचं?"

"मला काय बोलायचं ते मला कळतंय," बाणूबाई म्हणाली. "कांबळं काढा."

तिला काय कळत होतं ते मात्र कुणालाच कळलं नाही. खरं बोलणार होती की पोरासाठी गादीवर बसून खोटं, देव जाणे.

रेणू घरात गेली. ट्रंक उघडली तर लिंबाच्या पाल्याचा आणि मेंढराचा वास एकदम अंगावर आला. कांबळं जड, खरखरीत, कडेला दोन ठिकाणी रफू केलेलं. ती ते काढतच होती तेवढ्यात अनिलकुमार मागच्या दारानं आत आला, बुटासकट. हातात गाडीतनं आणलेलं गिरणीचं कांबळं.

"वैनी, ते ठेवा. हे टाकू."

"आत्यांना कळंल."

"काळं ते काळं. पट्टीची बाजू खाली घालू. अव्वाला एका डोळ्यानं धड दिसत न्हाई, कळतंय कुठलं?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "बगा, ती आज्याच्या कांबळ्यावर खरं बोलली तर तुमी आन मी गेलाव. खोटं बोलली तर ती जल्मभर सवताचा जीव खाईल. मला दोन्ही नको. हे निम्मं प्लास्टिक हाय, वैनी. ह्याच्यावर कुठला देव येऊन बसतोय? ह्याच्यावर बसून काय बी बोललं तरी अव्वाला पाप न्हाई."

रेणूला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आठ दिवसांत एवढं हायसं तिला वाटलं नव्हतं. लबाडी करणारा माणूस आईचं पाप वाचवायला बघतोय, म्हणजे तोही अगदीच वाया गेलेला नाही, असंसुद्धा तिच्या मनात आलं. तिनं माणिकप्पाचं कांबळं परत ट्रंकेत ठेवलं. वळून बघते तर दारात मंगल.

"मी काय बी बघितलं न्हाई, अक्का," मंगल म्हणाली. "पण तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं मला. ह्यांचं माहीतच हाय."

ते वाक्य रेणूला लागलं. तरी तिनं गिरणीचं कांबळं उचललं, शेडात नेऊन अंथरलं आणि पट्टीचा कोपरा खाली दुमडला.

उमादेवी मॅडम सव्वाअकराला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, हातात फाईल, बरोबर एक ड्रायव्हर, बस्स. चेहऱ्यावर राग नाही की गोडवा नाही. बिदरी बांगडी घातलेल्या हातानं त्यांनी नमस्कार केला आणि आधी मागच बघते म्हणाल्या. आठ मागांपैकी पाचांवर धूळ होती. तिथं त्या थांबल्यासुद्धा नाहीत. परदेशी ताणा होता त्या मागापाशी मात्र वाकल्या, धाग्यावरून बोट फिरवलं, आणि बोट नाकाशी नेलं.

"याला खळ लावलीय?"

"व्हय तर!" बिराप्पा खुर्चीतून उठला. आता साठ वर्षं माग चालवलेल्या कारागिराला त्याच्या कामाचं कुणी विचारलं, तर तो कशाला गप बसतोय? "चिंचोक्याची. काल सकाळी शिजवली, कुंच्यानं लावली. खळीबिगर ताणा धरतच न्हाई, मॅडम. तरी हे सूत बेनं लई खोडीचं. खळ लावली की काडीगत कडक व्हायलंय, आन कटाकटा तुटायलंय."

"दुहेरी पिळाचं सूत आहे हे, अप्पा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "याला खळ लागत नाही. तुम्ही पाच महिने हेच विणताय ना?"

बिराप्पा मागं सरकून परत खुर्चीत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अनिलकुमारनं कपाळावरून हात फिरवला. भीमाशंकर खाली वाकून तुटका धागा जोडायला लागला, जसं काही तेवढं एकच काम जगात राहिलंय.

"बसू या," मॅडम म्हणाल्या. खुर्च्यांकडं त्यांनी पाहिलं, मग खाली अंथरलेल्या कांबळ्याकडं. चपला काढल्या आणि सरळ कांबळ्यावर मांडी घातली. "कूड्री, अव्वा," त्यांनी कानडीत बाणूबाईला बसायला सांगितलं. "तुमच्याशीच बोलायचंय. बाकीच्यांनी मधे बोलू नये."

बाणूबाईनं कनवटीची पिशवी काढली. भंडाऱ्याची चिमूट कांबळ्याच्या मधोमध टाकली आणि टेकताना, गुडघे दुखतात म्हणून, एक हात खाली रोवला.

रेणू त्या हाताकडंच बघत होती. या हातानं चाळीस वर्षं लोकर पिंजली, कातली, ओल्या लोकरीतून काटे वेचले. डोळा अधू झाला म्हणून काय झालं? हात तिथंच थांबला. बोटं एकदा पुढं गेली, एकदा मागं आली. कपाळावर आठी आली नाही, काही नाही. फक्त बाणूबाईनं मान वर करून आधी धाकट्या पोराकडं पाहिलं आणि मग रेणूकडं. अनिलकडं थोडं पाहिलं. रेणूकडं जास्त वेळ पाहिलं.

"तर अव्वा," मॅडमनी फाईल उघडली, "कोट्याचं सूत तुमच्या संस्थेत आलं का? इथं विणलं का?"

शेडात पत्रे तापून तडतडत होते. अनिलकुमार दाराच्या चौकटीला टेकला, डोळे आईच्या तोंडाकडं. एक 'व्हय' पाहिजे होतं. नुसतं एक. गादी खोटी होती, पाप लागणार नव्हतं, सगळी सोय करून ठेवली होती.

"बाई," बाणूबाई सावकाश म्हणाली, "म्या शिकलेली न्हाई. कागद रेणूकडं असतेत. सेक्रेटरी ती हाय. तिला इचारा."

घ्या! रेणूच्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. ही लबाडी होती, निव्वळ लबाडी. म्हातारीला हाताखाली काय आहे ते कळलं होतं. तिनं ना पोराला धरून दिलं, ना खोटं बोलली, आपली जीभ अलगद वाचवली आणि धोंडा सुनेच्या पायावर टाकला. पंधरा वर्षं आत्या आत्या केलं त्याचं हे फळ. नवऱ्याकडं बघावं तर तो धागा जोडतोय. दीर डोळ्यांनी खुणावतोय. सासरा पायाची नखं बघतोय.

"बसा," मॅडम रेणूला म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या.

रेणू खाली वाकली. एक गुडघा टेकलासुद्धा. कांबळं मऊ होतं, खालच्या फरशीचा गारवासुद्धा लागत नव्हता त्यातून. एवढं सोपं काम होतं. सही केली तेव्हा तरी कुठं काय जड गेलं होतं? एका रेघेचं काम. आणि आता दुसरी रेघ. मग पुढच्या वर्षी पुन्हा कोटा, पुन्हा कागद, आणि बावीस बायका मरेपर्यंत पट्ट्या शिवणार, आणि त्यांच्या पोरींना चरखा कुठल्या हातानं फिरवतात तेही ठाऊक नसणार.

ती तशीच उठली.

"दोन मिनिटं, मॅडम."

"वैनी!" अनिलकुमार म्हणाला.

ती त्याच्या अंगावरून गेली आणि आली ती ट्रंकेतलं कांबळं खांद्यावर टाकून. "जरा उठता का? आत्या, तुमी बी उठा." दोघी उठल्या. रेणूनं गिरणीचं कांबळं ओढलं, दुमडलेला कोपरा सोडवून मॅडमच्या पुढ्यात धरला. "ही पट्टी तेवढी आमची. कांबळं इथं विणलेलं न्हाई. सूत इचारायलाव न्हवं, ते बहुतेक ह्याच्यात हाय, न्हाईतर अजून कशात. मला ठाऊक न्हाई."

मग तिनं माणिकप्पाचं कांबळं अंथरलं. जड होतं, एका हातानं नीट पसरेना. दुसरं टोक कुणी धरलं म्हणून पाहिलं, तर मंगल. दोघी जावांनी चारी कोपरे सरळ केले. बाणूबाईनं भंडाऱ्याची पिशवी पुढं केली. रेणूनं चिमूट टाकली आणि बसली. खरखर पोटऱ्यांना टोचली.

"आता इचारा," ती म्हणाली.

"कोट्याचं सूत आलं होतं?"

"न्हाई. एक धागा बी न्हाई. मागावर हाय ते परवा आणलंय, तुमाला दावायला."

"या कागदावर सही कुणाची?"

"माझी."

"वाचून केली होती?"

भीमाशंकर खड्ड्यातनं वर आला. "रेणू, न्हाई म्हण. ऐक माझं, न्हाई म्हण."

"दोनदा वाचून केली," रेणू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ते तिनं पुसलं नाही. रडत रडत तिला मोकळं वाटत होतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

मॅडम लिहीत राहिल्या. "माल बंदरातून परस्पर कुणी नेला? ही व्यवस्था कुणी केली?"

रेणूनं अनिलकुमारकडं पाहिलं नाही. "माझं होतं ते मी सांगितलं. दुसऱ्याचं त्यानं सांगावं."

"तुमच्या एकटीवर येईल मग हे. कळतंय का?"

"कळतंय."

मग बाणूबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली, सुनेच्या अगदी अंगाला लागून. तिनं पदराचं टोक रेणूच्या तोंडावरून फिरवलं, जरा जोरातच. "मला बोलता आलं नसतं गं," ती म्हणाली. "पोरगं हाय माझं. म्हणून तुझ्यावर टाकलं. वाईट केलं म्या."

"व्हय, वाईटच केलं," रेणू म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली. मग दाराकडं बघून म्हणाली, "अनिल, बूट काढ आन ये. जागा हाय."

अनिलकुमारनं बापाकडं पाहिलं. बिराप्पानं काय करावं? तो खुर्चीतून उठला, दोन पावलं आला आणि कांबळ्याच्या कडेला जाऊन बसला, बापाच्या रफूवर हात ठेवून. राहिला भीमाशंकर. तो हात झटकत आला, बायकोच्या मागं बसला आणि मान खाली घातली. मंगल नवऱ्याजवळ गेली. त्याच्या बोटातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या मुठीत धरली.

बाहेर गाडी होती, रस्ता होता, बीदर तासाभरावर होतं. अनिलकुमारनं एकदा तिकडं पाहिलं. मग वाकून त्यानं नाड्या सोडल्या. चकचकीत बुटाच्या आत एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी हसलं नाही.

तो आईशेजारी येऊन बसला. मॅडमनी पान उलटलं.

"पूर्ण नाव?"

"अनिलकुमार बिराप्पा," तो म्हणाला. पेन थांबल्यावर कुणी विचारलं नसताना त्यानं पुढचंही सांगितलं. "माणिकप्पाचा नातू. लिवा."